दोघींनी सरकवलेला चंद्र

मित्रांनो, मी भिंतीवरचं एक म्हातारं घड्याळ आहे आणि माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. तुम्ही अजून लहान आहात म्हणून तुम्हाला थोडी सवलत देतो. थोडीच देतो, कारण लहान माणसंच पुढे मोठी होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझा जन्म फ्रीसलंडमधला, दूर उत्तरेकडच्या सखल समुद्रकाठचा. माझी पेटी ओकच्या लाकडाची, चाकं पितळेची आणि साखळीला लटकणारी वजनं शिशाची. एवढं सगळं इतर घड्याळांतही असतं. माझं वेगळेपण माझ्या कपाळावर आहे. तबकडीच्या वर कारागिराने एक कमानदार खिडकी ठेवली, तिच्यामागे एक गोल चकती बसवली आणि चकतीवर दोन चंद्र रंगवले. चकती रोज कणभर सरकते. खिडकीच्या डाव्या कडेने कोर बाहेर येते, वाढत वाढत मधोमध पूर्ण गोल होते आणि उजव्या कडेला झिजत झिजत लपते. ती लपली की दुसऱ्या चंद्राची पाळी. कमानीवर भरती-ओहोटीच्या वेळाही लिहिल्या होत्या, कारण समुद्र चंद्राच्या ओढीने चालतो आणि आमच्याकडची माणसं समुद्राच्या ओढीने चालतात.

चंद्र रंगवणाऱ्याने त्यांना गुलाबी गाल, नाक आणि मंद हसू दिलं. चंद्राला गाल! खऱ्या चंद्रावर धूळ आहे, खड्डे आहेत आणि हवेचा पत्ता नाही. तिथे हसायला बसलंय कोण? पण माणसाला जिथे तिथे स्वतःचंच थोबाड दिसतं. असली दोन सुजलेली तोंडं कपाळावर घेऊन मी आयुष्य काढलं आहे.

मला हिल्के नावाच्या शेतकऱ्याने विकत घेतलं आणि समुद्राच्या बांधामागे असलेल्या त्याच्या एकट्या घरात, स्वयंपाकाच्या मोठ्या खोलीत टांगलं. समोर खिडकी होती. तिच्यातून गोठ्याचं छप्पर आणि बरंचसं आकाश दिसायचं. समुद्र मात्र दिसायचा नाही, कारण बांध उंच होता. बांधापलीकडे एक बेट आहे. ओहोटी लागली की मधलं पाणी ओसरतं आणि बेटापर्यंत चिखलाचा तळ उघडा पडतो. तो तुडवत लोक पलीकडे जायचे. हिल्के माझ्याकडे बघून ओहोटीची वेळ ठरवायचा आणि लोकांना घेऊन जायचा. त्याने कधी कोणाला बुडवलं नाही. लोक येऊन माझ्यासमोर टोपी काढायचे आणि म्हणायचे, "काय अचूक चंद्र आहे हो!" खुशामत करणाऱ्यांनी वर आकाशात चंद्र आहे की नाही हे कधी पाहिलं नाही. खरा सोडून नकलेला मुजरा करायचा, ही माणसाची जुनी खोड आहे.

बंदरावरच्या कोळ्यांनाही भरतीचं गणित ठाऊक होतं. पण या घरात एक वाक्य कायम ऐकू यायचं: "घरात चंद्र असताना कोळ्यांना काय विचारायचं?" हा माज होता. त्याची फळं मी पुढे सांगणारच आहे.

घरात तीन माणसं. हिल्के, त्याची बायको ट्रिन आणि त्याची लग्न न केलेली बहीण हिस्के. हिस्के याच घरात, याच चिकणमातीवर जन्मलेली. ट्रिन आतल्या झाडीच्या मुलखातून लग्न होऊन आलेली. आमच्याकडे चिकणमातीवरचे लोक झाडीतल्या लोकांना खुळे समजतात आणि झाडीतले लोक चिकणमातीवरच्यांना शिष्ट समजतात. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे.

एकदा संध्याकाळी शेजारचा डाउवे कॉफीला आला. तो समुद्रातले शिंपले गाडीत भरून चुनाभट्टीला घालायचा. माझ्याकडे बघत तो म्हणाला, "चंद्र अर्धा का दिसतो माहितेय ना? पृथ्वीची सावली पडते त्याच्यावर."

मित्रांनो, तुम्हालाही असंच वाटतं. नाही म्हणू नका, मला तुमची तोंडं दिसतायत.

हिल्केने फडताळातून चीजचा एक अख्खा गोळा काढला आणि डाउवेच्या हातात दिला. "हात लांब कर आणि दिव्याकडे तोंड कर. तुझ्याकडची बाजू कशी आहे?"

"अंधारी."

"ही झाली अमावास्या. उजेड पलीकडच्या बाजूवर आहे, तुला दिसत नाही. आता तसाच हात ठेवून डावीकडे काटकोनात वळ."

"अर्धा उजळला!"

"आणि आता दिव्याकडे पाठ कर. गोळा डोक्याच्या जरा वर धर."

"अख्खा उजळला. पौर्णिमा!"

"यात तुझी सावली कुठे आली? अर्धा गोळा कायम उजळलेलाच असतो रे. तू कुठून बघतोस एवढाच प्रश्न. आता गोळा खाली आण, डोळ्यांसमोर."

गोळ्यावर डाउवेच्या डोक्याची भलीमोठी सावली पडली. "हे ग्रहण," हिल्के म्हणाला. "सावली पडते ती अशी कधीतरीच. तुझं डोकं मधे येतं तेव्हा."

"त्याचं डोकं कायमच मधे येतं," हिस्के म्हणाली.

"ते असू दे," डाउवे म्हणाला, "पण हे चीज कापणार कधी?"

सगळे हसले. ट्रिन सगळ्यात जास्त हसली आणि तिने चीज कापलं. झाडीतली ही बाई त्या संध्याकाळी नीट लक्ष देऊन बघत होती, एवढं मात्र मी मान्य करतो. आणखी एक गोष्ट हिल्केने तेव्हा सांगितली नाही, ती मी सांगतो. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवून फिरतो, त्यामुळे त्याची पाठ इथून दिसत नाही. तुमच्याकडे सतत तोंड करून राहावं लागणं ही शिक्षा आहे, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगू शकतो.

पुढे एका वसंतात हिल्के छातीत कळ येऊन गेला. माणूस गेला की घरातलं घड्याळ थांबवायचं आणि दफन झाल्यावर पुन्हा सुरू करायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. हिस्के उठली आणि तिने माझा लंबक धरला. ट्रिन नवऱ्याचा हात हातात घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "ते मी करणार होते," ती म्हणाली.

"भाऊ माझा होता," हिस्के म्हणाली.

"आणि नवरा कोणाचा होता?"

बस. एवढ्यावरून दोघींचं बोलणं तुटलं. इकडे माणूस गेलाय आणि यांचं भांडण कशावरून, तर लंबकाला हात कोणी लावला यावरून. मेलेल्याचं दुःख झेपत नाही म्हणून जिवंत माणसाशी भांडायचं, हे माणसांना बरं जमतं.

शवपेटी घरातून निघाली, रीतीप्रमाणे चर्चभोवती तिच्या तीन फेऱ्या झाल्या, शेजारी साखरपाव आणि कॉफी घेऊन गेले. मग ट्रिनने मला सुरू केलं. काटे बरोबर लावले आणि मी जितके दिवस बंद होतो तितके दिवस चंद्र बोटाने पुढे सरकवला. काम चोख झालं. मी मनात म्हटलं, चला, बाईला अक्कल आहे.

संध्याकाळी ट्रिन गाईंची धार काढायला गेली आणि हिस्के माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काटे लावले हिने," ती पुटपुटली, "पण चंद्र कुठला कळतोय झाडीतल्या बाईला." आणि तिनेही तितकेच दिवस चंद्र पुढे ढकलला.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. मला दोघींनी जेवू घातलं आणि माझं पोट बिघडलं. आकाशात चंद्राची जाडशी कोर होती आणि माझ्या कपाळावर अर्ध्याहून मोठा चंद्र गाल फुगवून हसत होता. आता हे लक्षात घ्या. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ तासभर उशिरा उगवतो, आणि त्याच्या मागोमाग भरती-ओहोटीही तशीच उशिरा येते. माझा चंद्र काही दिवस पुढे पळाला, म्हणजे मी सांगितलेली ओहोटी खऱ्या ओहोटीच्या कितीतरी मागे पडली. समुद्र परत यायला लागलेला असताना मी सांगणार होतो की अजून पाणी उतरतंय.

एक वाक्य पुरलं असतं. "चंद्र मी लावलाय." पण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या माझ्याशी बोलायच्या.

"घड्याळा, सांग तिला, कॉफी गार होतेय."

"घड्याळा, सांग, मला नकोय म्हणावं."

"घड्याळा, तिला म्हणावं, कालपासून पोटात काही नाही, अशाने चक्कर येईल."

"सांग म्हणावं, आली तर माझी मला येईल."

मी काय पोस्टमन आहे? जगातली सगळी फालतू वाक्यं त्यांनी माझ्यामार्फत पाठवली, आणि कामाचं तेवढं एक पोटात ठेवलं. त्यातून दुसऱ्याच दिवशी धुकं असं दाटलं की तीन-चार दिवस आकाश दिसेना. दुःखाच्या त्या दिवसांत दोघी बांधावरही गेल्या नाहीत. समुद्र काय करतोय हे त्यांना कळायला मीच एक उरलो होतो.

एका सकाळी हिस्केने गाठोडं बांधलं. "घड्याळा, सांग तिला, मी बेटावर चुलतभावाकडे जातेय. कायमची. तिला तिचं घर लखलाभ."

ट्रिनच्या हातातली किटली थांबली. तिला हिस्के जायला नको होती. हिस्केलाही जायचं नव्हतं, तिला फक्त कोणीतरी थांब म्हणायला हवं होतं. भिंतीवर लटकणाऱ्या मला हे दिसत होतं आणि दोन पायांवर चालणाऱ्या या दोघींना दिसत नव्हतं. ट्रिन एवढंच म्हणाली, "घड्याळा, तिला म्हणावं, बोटीने जा. चिखलातून एकटी जाऊ नको."

"सांग म्हणावं, मी पोरवयापासून भावाबरोबर चिखल तुडवलाय. घरात चंद्र आहे माझ्या."

बोटीसाठी बंदरापर्यंत डाउवेची गाडी मागावी लागली असती, आणि हिस्के कोणाकडे काही मागणारी नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, ओहोटीची वेळ वाचली, आणि हिल्के निघायचा तशी त्या वेळेच्या थोडी आधी निघाली. खरी ओहोटी तेव्हा संपून गेली होती. चिखल अजून उघडा असणार, म्हणजे तिला संशयही येणार नव्हता. मित्रांनो, मला त्या वेळी भीती वाटली. घड्याळाला वाटू नये, पण वाटली. मला फक्त टोले देता येतात, तेही वेळ झाली की. दार लागलं आणि मी टिकटिक करत राहिलो.

ट्रिन टेबलाशी बसून रडली. रडून झाल्यावर चूल पुसली. तेवढ्यात खिडकीत उजेड आला. धुकं विरलं आणि गोठ्याच्या छपरावर, निळ्या आकाशात, भर दुपारी चंद्र दिसला. फिकट, अर्धा, एका बाजूने सुरीने कापल्यासारखा सरळ.

चंद्र फक्त रात्री असतो असं तुम्ही चित्रांत काढता. महिन्यातले कितीतरी दिवस तो उजेडी वर असतो, फक्त तुम्ही मान वर करत नाही. ट्रिनने केली. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या कपाळावर पौर्णिमेला टेकलेला, टम्म फुगलेला चंद्र होता.

"हा एवढा मोठा झाला असता तर या वेळी उगवलाच नसता," ती मोठ्याने म्हणाली. "वर आहे तो अर्धाच आहे. मग हा पुढे कसा गेला? मी तर मोजून सरकवला होता." तिचा हात तोंडावर गेला. "या घरात दुसरं आहे कोण? तिनेपण सरकवला. अगं बाई, हिस्के!"

तिने मला निरोप दिला नाही. लाकडी बूट पायात न घालताच ती डाउवेच्या घराकडे धावली.

पुढचं मी पाहिलं नाही, पण नंतर चुलीशी तिघांनी ते इतक्या वेळा आणि इतक्या जोरात सांगितलं की माझी तबकडी थरथरली. डाउवेने शिंपल्यांच्या उंच चाकांच्या गाडीला घोडी जुंपली आणि दोघं बांध ओलांडून चिखलात उतरले. हिस्के बऱ्याच आत, एका खोल ओहळाच्या काठी उभी होती. ओहळात पाणी होतं. तिला वाटलं, घड्याळ म्हणतंय अजून ओहोटी आहे, म्हणजे हे उतरेल. म्हणून ती थांबली. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, गुडघ्यावर आलं, आणि ही बाई उतरायची वाट बघत उभी! स्वतःचे पाय भिजतायत, पण विश्वास कोणावर, तर भिंतीवर टांगलेल्या माझ्यावर. मी एवढ्या भक्तीच्या लायकीचा नाही, हे मीच सांगतो.

"हिस्के! फिर मागे! पाणी चढतंय!" ट्रिन गाडीतून ओरडली.

हिस्केने तोंड दुसरीकडे केलं आणि ती घोडीला म्हणाली, "हिला सांग गं, अजून ओहोटी आहे म्हणावं."

"घोडीला काय सांगतेस? तिच्या गुडघ्यांना पाणी लागलंय, ते विचार तिला! अगं, चंद्र मी सरकवला होता! दफनाच्या दिवशी, कॉफी झाल्यावर!"

हिस्के वळली. बऱ्याच दिवसांनी तिने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. "तू सरकवलास? मग मी काय सरकवलं?"

"तेच! तेच सरकवलंस! चढ वर!"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस का?"

"बायांनो," डाउवे म्हणाला, "भांडायला गाडीत जागा आहे."

ट्रिनने तिला काखेत हात घालून वर ओढलं. गाठोडं वाहून गेलं. परतताना पाणी गाडीच्या फळ्यांना लागत होतं. चंद्र खरोखर अर्धा होता, म्हणून त्या वाचल्या. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात आणि समुद्राला उधाण येतं. चंद्र अर्धा असताना दोघांची ओढ आडवी-तिडवी होते, भरती सुस्त येते. त्या दिवशी उधाणाची भरती असती, तर गाडी पोहोचेपर्यंत तिथे टोपीसुद्धा उरली नसती.

दोघी चुलीशी एका घोंगडीत बसल्या. हिस्केचे दात वाजत होते. ट्रिन तिचे पाय चोळत होती आणि रागाने चोळत होती. "जाते म्हणे कायमची. गेलीच असतीस."

"तू थांब म्हणाली नाहीस."

"आता म्हणते. थांब."

"थांबले," हिस्के म्हणाली आणि रडायला लागली. "त्याचा लंबक तू धरायला हवा होतास, वहिनी. चुकलंच माझं."

थोड्या वेळाने दोघींनी माझ्याकडे बघितलं. "सगळा दोष या मेल्या घड्याळाचा," हिस्के म्हणाली. "हो ना," ट्रिन म्हणाली, "नुसतं हसत बसलंय थोबाड वर करून." कित्येक दिवसांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते माझ्या निंदेवर. मी मनावर घेतलं नाही. ज्यांचं अंगण कायम वाकडं असतं, त्यांच्याकडून मी कसली अपेक्षा करणार?

दुसऱ्या दिवशी हिस्के अंगणात उभी राहून आकाशाकडे बघत होती आणि ट्रिन आतून चकती मागे फिरवत होती. "अजून मागे! अजून! अगं जास्त झाला, तो काय उपाशी आहे का!" अर्धा तास हा गोंधळ चालला. शेवटी बरोबर लागला. तेव्हापासून त्या घरात नवा नियम झाला. माझा चंद्र अधूनमधून अडकायचा आणि बोटाने पुढे करावा लागायचा. जी कोणी हात लावेल तिने आधी मोठ्याने ओरडायचं, "मी सरकवतेय गं!" आणि गोठ्यातून, नाहीतर माळ्यावरून, नाहीतर भाजीच्या वाफ्यातून उत्तर यायचं, "सरकव!" उत्तर आल्याशिवाय चकतीला बोट लावायचं नाही.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी आमच्यासारख्यांनी गळा काढून सांगायचं असतं की आमच्यावरची धूळ पुसा, आमच्या चाकांना तेल द्या. मला तुमचं तेल नको. तुमच्या हातचं तेलही सांडलेलंच असणार. माझं मागणं वेगळं आहे. घरातल्या ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे तिला हात लावलात, तर ते त्याला तोंडाने सांगा. भांडण असेल तरी सांगा. भांडता भांडता सांगा. तुम्ही बहुधा विसराल, पण मी सांगायचं काम केलं.

या दोघी विसरल्या नाहीत, एवढं मला कबूल करावं लागतं. पुष्कळ वर्षांनी ट्रिन गेली. हिस्के म्हातारी झाली होती, कानांनी अधू झाली होती आणि घरात एकटी होती. माझा चंद्र पुन्हा अडकला तेव्हा ती स्टुलावर चढली, बोट चकतीपाशी नेलं आणि रिकाम्या घरात ओरडली, "वहिनी, मी सरकवतेय गं!" मग ती बोट तसंच हवेत धरून थांबली. बराच वेळ थांबली, आणि चंद्राला हात न लावता खाली उतरली.